युलिसिस ग्रँटचं आयुष्य कसं वाचावं

मी आयुष्यभर लेखापरीक्षक म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर एकाच माणसाचं आयुष्य सावकाश वाचायचं ठरवलं आणि अमेरिकेचा अठरावा अध्यक्ष युलिसिस ग्रँट निवडला. पहिलं वर्ष वाया गेलं. मी त्याच्यावरचं एकामागून एक लिखाण वाचत गेले. कुठे तो दारुडा, सैनिकांना मरणाच्या तोंडी देणारा सेनापती, तर कुठे गुलामीतून सुटलेल्यांचा कैवारी. मग मी कामावर करायचे तेच केलं. सांगोवांगी बाजूला ठेवली आणि व्हाउचर, म्हणजे मूळ कागदी पुरावे, बघायला लागले. अध्यक्षाचं आयुष्य समजून घ्यायचं असेल, तर ही पद्धत वापरून बघा.

एक वही घ्या. डावीकडे तारीख, मध्ये घटना आणि उजवीकडे पैसा. ग्रँटच्या बाबतीत हा तिसरा रकाना फार बोलतो. 1822 साली ओहायोत जन्म, वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा. 1843 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून 39 जणांत एकविसावा. 1854 मध्ये लष्कर सोडलं, पुढे सेंट लुइसजवळ शेती केली, शहरात सरपण विकलं. 1857 च्या नाताळाआधी दोन दिवस त्याने सोन्याचं घड्याळ 22 डॉलरला गहाण टाकलं. त्याची पावती आजही आहे. त्याखाली 29 मार्च 1859 ची नोंद करा. त्या दिवशी त्याने विल्यम जोन्स नावाच्या आपल्या गुलामाला कोर्टात कागद करून मुक्त केलं. विकला असता तर त्या ओढगस्तीत मोठी रक्कम हाती आली असती. दोन नोंदी एकाखाली एक आल्या तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसले होते. पण त्याच पानावर हेही लिहा, की त्याची बायको जूलिया हिच्या माहेरचे गुलाम त्याच्या घरी राबत होते. 1860 मध्ये तो इलिनॉयमधल्या गॅलिना गावी वडिलांच्या कातडी मालाच्या दुकानात कामाला होता आणि मार्च 1864 मध्ये, उत्तर आणि दक्षिणेतल्या यादवी युद्धात, उत्तरेच्या सगळ्या सैन्याचा प्रमुख झाला.

मूळ कागद मिळवणं अवघड नाही. ग्रँटची पत्रं, हुकूम आणि संदेश 32 खंडांत छापलेले आहेत आणि मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीने ते इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. सगळे वाचू नका. वहीतली एक तारीख घ्या आणि तिच्या मागच्या-पुढच्या पंधरा दिवसांचे कागद वाचा.

प्रत्येक आरोपापुढे दोन तारखा घाला: गोष्ट घडली कधी आणि लिहिली गेली कधी. दारूचंच घ्या. दारूपायी त्याला 1854 मध्ये राजीनामा द्यावा लागला, असं सर्रास सांगतात. पण राजीनाम्याच्या पत्रात कारणच दिलेलं नाही. यादवी युद्धात ग्रँटने व्हिक्सबर्ग शहराला घातलेल्या वेढ्यातल्या पिण्याची सगळ्यात रंगतदार हकिकत एका वार्ताहराने तीसहून अधिक वर्षांनी लिहिली. त्याच वेढ्यातलं, 6 जून 1863 चं, त्याचा सहायक जॉन रॉलिन्स याचं पत्र मात्र त्याच दिवसांतलं आहे. पिऊ नका म्हणून तो ग्रँटला कळकळीने विनवतो. म्हणजे काळजी खरी होती. हे पत्र पक्कं व्हाउचर, ती हकिकत नुसती ऐकीव. माझ्या वहीत दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या शाईत.

आता अध्यक्षपद, 1869 ते 1877. जमा आणि नावे एकमेकांत वळते करून शिल्लक काढायची नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जमेच्या बाजूला: 1870 मध्ये वंशावरून मतदानाचा हक्क नाकारायला बंदी करणारी पंधरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली, त्याच वर्षी न्याय खातं उभं राहिलं. कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची गुप्त संघटना कृष्णवर्णीय मतदारांना मारत, जाळत होती. ग्रँटने 1871 मध्ये काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, कायदा करून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित करून धरपकड केली. त्या काळात एवढं करायला छाती लागत होती.

नावे बाजूला व्हिस्की रिंग. दारू गाळणारे आणि कर अधिकारी मिळून सरकारचा कर खात होते. अर्थमंत्री ब्रिस्टो यांनी मे 1875 मध्ये धाडी घातल्या. एकही गुन्हेगार सुटता कामा नये, असं ग्रँटने स्वतः लिहून दिलं. पण धागा त्याचाच खासगी सचिव बॅबकॉक याच्यापर्यंत गेला, तेव्हा ग्रँटने व्हाइट हाउसमध्ये बसून त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि बॅबकॉक सुटला. क्लॅन मोडली म्हणून ही साक्ष माफ होत नाही, आणि साक्षीमुळे साउथ कॅरोलायनातली कारवाई खोटी ठरत नाही. अखेरच्या वार्षिक संदेशात, डिसेंबर 1876 मध्ये, आपल्या हातून चुका झाल्या, पण त्या समजुतीच्या होत्या, हेतूच्या नव्हत्या, असं त्याने काँग्रेसला कळवलं. तो संदेश मुळातूनच वाचा.

माणसाने स्वतः ठेवलेली वही तपासताना आधी काय गाळलंय ते बघावं. ग्रँटच्या आत्मचरित्रात युद्ध तपशिलाने आहे. कोल्ड हार्बरच्या लढाईतला शेवटचा हल्ला केल्याची खंत त्याने तिथे उघड लिहिली आहे. पण अध्यक्षपदाची आठ वर्षं जवळजवळ नाहीतच. डिसेंबर 1862 मध्ये त्याने आपल्या लष्करी विभागातून ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला होता, जो तेव्हाचे अध्यक्ष लिंकन यांनी रद्द करायला लावला. त्याचाही उल्लेख नाही. म्हणून आत्मचरित्र युद्धासाठी वाचा, बाकीच्यासाठी पत्रांकडे जा.

अखेरची दोन वर्षं घाई न करता वाचा. तेव्हा माजी अध्यक्षाला पेन्शन नव्हतं, आणि अध्यक्ष होताना त्याने लष्करी हुद्दाही सोडला होता. ग्रँट अँड वॉर्ड या पेढीत त्याने सगळं गुंतवलं. त्यातला भागीदार फर्डिनंड वॉर्ड एकच तारण अनेक कर्जांना दाखवत होता आणि ग्रँट पुढे आलेल्या कागदांवर न वाचता सह्या करत होता. मे 1884 मध्ये पेढी बुडाली. दोनच दिवस आधी पेढी वाचवण्यासाठी त्याने धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्टकडून 1,50,000 डॉलर उसने आणले होते. हे वाचताना माझा जीव तुटतो. किर्द एकदा उघडून बघितली असती तरी चाललं असतं.

पुढे घशाचा कर्करोग झाला. बायकोला कर्जात ठेवून जायचं नाही म्हणून तो आत्मचरित्र लिहीत राहिला. काम संपल्यावर काही दिवसांतच, 23 जुलै 1885 ला, तो गेला. मार्क ट्वेनच्या प्रकाशनाने ते दोन खंड काढले आणि जूलियाला सुमारे 4,50,000 डॉलर मिळाले.

आवाज गेल्यावर तो डॉक्टरांशी चिठ्ठ्या लिहून बोलत असे. त्या 31 व्या खंडात आहेत. एकीत तो लिहितो, की आपण सर्वनाम नसून क्रियापद आहोत असं वाटतं. असणं, करणं, सोसणं, तिन्ही आपल्याकडे आहे. या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून घ्या, शेजारी पुस्तकाची शेवटची प्रकरणं ठेवा आणि आधी चिठ्ठ्या वाचा.