मर्यादवेलीचा पाला: ओळखायचा कसा, तोडायचा कसा, बांधायचा कसा

पावसाळा लागला की आमच्या आजीचे गुडघे धरायचे, मग सकाळी चहा झाला की आम्हा पोरांपैकी कोणालातरी पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, पाठवायची, "जा रे, मर्यादवेलीचा ओंजळभर पाला घेऊन ये, पण वेल ओढू नको." ते शेवटचं वाक्य दरवेळी असायचंच, आणि ते का हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी ओळख. भरतीची रेघ संपते आणि सुरूचं बन सुरू होतं त्या मधल्या पट्ट्यात वाळूवर पसरलेला जाड देठांचा वेल दिसला की जवळ जाऊन पान बघा. पान आपट्यासारखं टोकाला दुभंगलेलं, जाडसर आणि चकचकीत असतं, शेळीच्या खुरासारखं दिसतं आणि याच्या शास्त्रीय नावाचा, म्हणजे आयपोमिया पेस-काप्रेचा, अर्थही तोच आहे. फुलं जांभळट गुलाबी, भोंग्याच्या आकाराची, सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. शेजारी बऱ्याचदा रावणमिशी नावाचं काटेरी गवत असतं, ते टोचतं, तेव्हा चप्पल घालूनच जा. आणि बेशरम म्हणून जे ताठ उभं झुडूप गावात तळ्याकाठी वाढतं, त्याचं फूल साधारण असंच दिसतं पण ते विषारी आहे, त्याचा पाला चुकूनही आणू नका.

आता गुडघ्याला बांधायचा पाला. दहा-बारा कोवळी नाही, जून नाही अशी मधली पानं घ्या, गोड्या पाण्याने दोनदा धुवा कारण वाळू आणि खार राहिला तर त्वचा चरचरते, मग पुसून तव्यावर तिळाच्या तेलाचा हात लावून मऊ होईपर्यंत गरम करा. मनगटावर ठेवून बघा, सोसवतंय एवढंच गरम हवं, मग सांध्यावर दोन-तीन थर ठेवून जुन्या सुती कापडाने बांधा. आजी रात्री बांधून सकाळी सोडायची, पण पहिल्यांदा करत असाल तर अर्ध्या तासात सोडून बघा, आणि त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासा चुरलेला पाला लावून खाज किंवा लाली येते का ते पाहा. दुसरा प्रकार म्हणजे शेक, दोन ओंजळी पाला तीन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, आणि कोमट झाल्यावर त्यात पाय बुडवून बसा किंवा कापड भिजवून सुजेवर ठेवा. मुका मार, पाय मुरगळणं यावर हा जुना उपाय आहे. पण जखम उघडी असेल, किंवा सांधा लाल गरम होऊन ताप आला असेल तर पाला नको, सरळ डॉक्टर.

पोटात घ्यायचं मात्र अजिबात नाही. याने जोरदार जुलाब होतात, काही ठिकाणी मुद्दाम त्यासाठी द्यायचे, पण घरी करायची गोष्ट नाही ही, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर नाहीच.

जेलीफिश चावली की ऑस्ट्रेलियापासून थायलंडपर्यंत किनाऱ्यावरची माणसं याचाच पाला चुरून लावतात, आणि थाई संशोधकांनी 1991 मध्ये पानांच्या अर्काचा जेलीफिशच्या विषावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासून तो अर्क विषाचा परिणाम कमी करतो असं मांडलं. मुंबईत पावसाळ्यात जुहूला निळ्या फुग्यासारख्या, जेलीफिशसारखाच दंश करणाऱ्या ब्लू बॉटल येतात तेव्हा हे आठवतं, पण क्रम लक्षात ठेवा. आधी चिकटलेले धागे काडीने किंवा चिमट्याने काढा, उघड्या हाताने नको, वाळूने घासू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग सोसवेल एवढ्या गरम, साधारण 45 अंशाच्या पाण्यात 20 मिनिटं तो भाग ठेवा. पाला हा त्यानंतरचा, आग शमवायला. श्वास लागला, छातीत दुखलं, अंग सुजलं तर पाला शोधत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

तर वेल का ओढायचा नाही. याच्या प्रत्येक गाठीला मुळं फुटतात आणि ती मुळं वाळू धरून ठेवतात, म्हणूनच तो वाळूचा ढिगारा लाटेने वाहून जात नाही, एक वेल ओढला की दहा-बारा फुटांची वाळू मोकळी होते. मला ते मुंबईहून गावी आल्यावर दिसलं, रिसॉर्टवाल्यांनी "स्वच्छता" म्हणून वेल साफ केला आणि तिसऱ्या पावसात पुळण आत सरकली. खरंतर असे वाळूचे ढिगारे सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमात संरक्षित आहेत. म्हणून कात्री न्या, एका वेलाची चार-पाच पानंच घ्या आणि पुढच्या वेलाकडे जा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारख्या किनाऱ्यांवर थंडीत कासवांची घरटी असतात, तिथे त्या दिवसांत ढिगाऱ्यावर चढूच नका.

आणि चुकून फांदी तुटलीच तर टाकून देऊ नका, दोन गाठी वाळूत चार बोटं खोल पुरा, पावसाच्या दिवसांत सहज जगते.