शिवालिकचे थर कसे नोंदवावेत: मुंबईहून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

मुंबईत भूविज्ञान शिकणाऱ्यांची नजर लाव्ह्याच्या थरांवर तयार झालेली असते. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा किंवा सह्याद्रीचे कडे, आपल्याभोवतीचा बहुतेक खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आलेला आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत मात्र नद्यांनी आणून टाकलेला गाळ खडक होऊन उभा आहे, आणि तो वाचण्यासाठी वेगळी शिस्त लागते.

आधी द्रोणी समजून घ्यावी. हिमालयाच्या भाराने भारतीय भूपट्ट पर्वतासमोर खाली वाकतो आणि तिथे जो लांबट खोलगट भाग तयार होतो, त्यात पर्वतातून उतरणाऱ्या नद्या गाळ भरत राहतात. गंगेचे मैदान म्हणजे हीच आजची द्रोणी होय. शिवालिकचे खडक हा तिचाच जुना गाळ असून, सुमारे १.८ कोटी वर्षांपूर्वीपासून काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो साचत गेला आणि पुढे भ्रंशांवरून, म्हणजे खडक सरकतात त्या भेगांवरून, ढकलला जाऊन वर आला. ढोबळ मानाने खालच्या शिवालिकात पंकाश्म (चिखलाचा खडक) आणि वालुकाश्म (वाळूचा खडक) आलटून पालटून येतात, मधल्या भागात करड्या वालुकाश्माचे जाड थर असतात आणि वरच्या भागात पिंडाश्म, म्हणजे गोटे एकत्र घट्ट होऊन झालेला खडक, वाढत जातो.

डेहराडूनच्या रस्त्यावरील मोहंड येथे, बरसाती नाल्याच्या पात्रातून उत्तरेकडे चालत गेल्यास मधल्या शिवालिकातून वरच्या शिवालिकात जाता येते. पावसाळ्यात या पात्रात उतरू नये. सोबत थरांचा उतार मोजणारा क्लिनोमीटर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि आलेखकागद असावा.

जाडी मोजताना थराची नती, म्हणजे आडव्या पातळीशी होणारा त्याच्या उताराचा कोन, आधी घ्यावी. सपाट जमिनीवर नतीच्या दिशेने १०० मीटर चाललो आणि नती ३० अंश असेल, तर थराची खरी जाडी ५० मीटरच भरते. नोंद आलेखकागदावर थरांचा उभा स्तंभ काढत तळापासून वर करत जावी. एक सेंटिमीटरला एक मीटर हे प्रमाण सोयीचे पडते. स्तंभाची रुंदी कणांच्या आकारानुसार ठेवावी, म्हणजे पंकाश्म अरुंद आणि पिंडाश्म सर्वांत रुंद दिसेल. छायाचित्रे घेऊन स्तंभ घरी काढता येईल ही समजूत सोडून द्यावी, कारण कण भिंगाखालीच कळतात.

सर्वांत जास्त वेळ थरांच्या सीमांवर घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वालुकाश्माचा तळ खडबडीत असेल, खालचा पंकाश्म खरवडला गेला असेल आणि त्याचेच तांबूस ढेकळ वाळूत अडकलेले दिसत असतील, तर तिथे नदीचे पात्र नव्याने येऊन बसले होते. त्यावर मोठे तिरपे स्तरण (थराच्या आतील तिरके पापुद्रे), मग बारीक लहरखुणा आणि शेवटी पंकाश्म असा क्रम लागतो. विद्यार्थी बहुधा ‘वालुकाश्म, १२ मीटर’ एवढे लिहून पुढे जातात. पण अशा जाड थराच्या पोटात ढेकळांची पुसट रांग दोन-तीनदा आढळू शकते, आणि प्रत्येक रांग हे पात्राचे स्वतंत्र आगमन असू शकते.

पंकाश्माकडेही तितकेच लक्ष द्यावे. त्यावर लाल-करडे ठिपके, मुळांच्या खुणा आणि आम्ल टाकताच जोरात फसफसणारे चुनखडीचे खडे असतील, तर ती प्राचीन मृदा आहे. पात्र दूर सरकल्यावर पूरमैदानाचा तो भाग दीर्घकाळ तसाच उघडा राहिला, तेव्हा कुठे ती तयार झाली. म्हणून अशा एका मीटर पंकाश्मात दहा मीटर वालुकाश्मापेक्षा जास्त काळ सामावलेला असू शकतो.

प्रवाहाची दिशा तिरप्या स्तरणावरून घ्यावी. एका मोजणीवर विसंबू नये आणि थर झुकलेला असल्यास ती नती वजा करून दिशा दुरुस्त करावी. पिंडाश्मात चपटे गोटे एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांचे सपाट पृष्ठ प्रवाह जिकडून आला तिकडे उतरते. याचा सराव इथेच, पाऊस ओसरल्यावर उल्हास नदीच्या पात्रातील गोट्यांवर करता येतो, कारण तिथे प्रवाह डोळ्यांसमोर असतो.

वरच्या शिवालिकात पोहोचल्यावर एका चौकटीतील शंभर गोटे मोजून त्यांचे खडक लिहावेत. वर जाताना गोटे वाढले एवढ्यावरून पर्वत पुढे सरकला असे लगेच ठरवू नये, कारण हवामान बदलूनही नदी जाड गाळ आणू शकते. क्वार्टझाइट या कठीण रूपांतरित खडकाचे गोटे मागच्या हिमालयातून आलेले असतात. त्यांच्यात शिवालिकच्याच वालुकाश्माचे गोटे मिसळू लागले, तर द्रोणीचा जुना गाळ तोवर वर उचलला जाऊन झिजू लागला होता, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो.