एच७ वर वजीर द्यायचा का? राजावरच्या हल्ल्याचं अवघड कोडं सोडवायची रीत

रविवारी आमच्या विश्रामबागेतल्या घरी आसपासची पाचसहा पोरं जमतात, मध्ये भडंगाची परात, बाजूला बुद्धिबळाचा पट, आणि मी एक पोझिशन मांडून देतो. परवा जी दिली ती मला शाळेत असताना एका जुन्या खेळाडूनं मांडून दिली होती आणि मी दोन दिवस घालवले होते तिच्यावर. पोरांनी काय केलं, तर मोबाईलवर पझल सोडवतात तसं दिसेल तो शह ठोकला, चुकला की दुसरा, तो चुकला की तिसरा. अशानं उत्तर सापडेलही कधीतरी, पण कोडं सुटलं असं नाही होत ते. म्हणून सगळी रीत एकदा नीट लिहून काढतोय. आपल्या सांगलीत तर हे पोरांना यायलाच पाहिजे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं ते याच गावात, वुमन ग्रँडमास्टर, म्हणजे महिला खेळाडूंचा मोठा किताब मिळवलेली, स्वाती घाटे याच गावची.

आधी पट घ्या आणि मोहरी खरोखर मांडा, मनातल्या मनात नको. घरांची नावं अशी वाचायची: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूनं आडव्या रांगा १ ते ८. पांढरा राजा ई१, वजीर एच५, हत्ती ए१ आणि एच१, उंट डी३, घोडे ई४ आणि ई५, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, एफ२, जी२, एच२. काळा राजा जी८, वजीर ई७, हत्ती ए८ आणि एफ८, उंट बी७ आणि एफ६, घोडा बी८, प्यादी ए७, बी६, सी७, डी७, ई६, जी७, एच७. चाल पांढऱ्याची. हा खरा झालेला डाव आहे, १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यात, पांढरी लास्करची. हा लास्कर म्हणजे जगज्जेता इमॅन्युएल लास्कर नव्हे. आणि थॉमस म्हणजे तेच ज्यांच्या नावाचा बॅडमिंटनचा थॉमस कप आहे, आपण २०२२ ला जिंकला तो. पोरांना हे सांगितलं की एकदम कान टवकारतात.

मोहरी मांडून झाली की लगेच चाल शोधायला लागू नका, दोन मिनिटं नुसती मोजदाद करा. दोन्हीकडे मोहरी सारखीच आहेत, म्हणजे वजनानं कुणी पुढं नाही. पण काळ्याचा बी८ चा घोडा आणि ए८ चा हत्ती घरातून हललेलेच नाहीत, बी७ चा उंट लांबून बघतोय, राजाजवळ कामाला आहेत ते वजीर, एफ८ चा हत्ती आणि एफ६ चा उंट. पांढऱ्याचे वजीर, दोन घोडे आणि उंट असे चार जण त्याच बाजूला तोंड करून आहेत. मोहरी द्यायचा विचार करायला एवढं कारण पुरे, पण हे नुसतं कारण झालं, पुरावा नव्हे.

आता सगळ्यांना सुचते ती चाल बघू. ई४ च्या घोड्यानं एफ६ चा उंट मारायचा, शह, आणि पुढच्या चालीला वजिरानं एच७ मारून मात. परवा सहापैकी पाच पोरांनी हेच सांगितलं, आणि ते बरोबरच आहे की, वास तर तिथंच येतोय. पण काळा जी७ च्या प्याद्यानं घोडा मारतो. तसं झालं की जी७ चं घर मोकळं होतं, ई७ चा वजीर सातव्या रांगेतून सरळ एच७ पर्यंत बघायला लागतो, मात गेली, वर एफ६ ला आलेलं प्यादं आपल्या ई५ च्या घोड्याला मारायला टपलंय. थॉमसनं आदल्या चालीला वजीर ई७ वर आणला होता तो याचसाठी.

बहुतेक लोक इथं येऊन ही चाल सोडून देतात आणि दुसरी शोधायला लागतात, आणि माझ्या मते कोडी न सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. फसलेली चाल टाकायची नाही. वहीत लिहायचं की ती नेमकी कशानं फसली. इथं लिहा, "जी७ चं प्यादं मारतं आणि त्यामुळे वजिराला रांग मोकळी होते." आता हे वाक्य परत वाचा. या घडीला काळ्याचा वजीर एच७ बघतोय का? नाही बघत, त्याचंच जी७ चं प्यादं मध्ये उभं आहे. म्हणजे काळ्याचा सगळा बचाव त्या प्याद्याला एफ६ मारायला मिळतं यावर टिकून आहे. तर मग आपला प्रश्न बदलला. कुठली चाल भारी आहे हे विचारायचं नाही, घोड्यानं एफ६ मारल्यावर प्याद्याला मारता येऊ नये अशी वेळ कधी येते ते विचारायचं.

प्यादं मारू शकत नाही अशी एक वेळ असते, दुहेरी शह. दोन मोहऱ्यांचा एकदम शह असला तर एकाला मारून भागत नाही, राजाला हलावंच लागतं. मग दुसरा शह कुणाचा? ई४ च्या घोड्याच्या मागं डी३ ला उंट दबा धरून बसलाय, घोडा बाजूला झाला की त्याची तिरकी ई४, एफ५, जी६ करत एच७ ला जाते. घोडा एफ६ वरून एच७ वर पण शह देतो. म्हणजे काळा राजा एच७ वर असता तर काम झालं असतं. आणि राजाला एच७ वर आणायचं कसं, तर तिथलं प्यादं मारून, आणि ते आत्ता मारू शकतो तो एकटा वजीर.

बघा, वजीर द्यायची कल्पना आपण आकाशातून आणली नाही, एका फसलेल्या चालीचं कारण धरून उलटं चालत आलो. त्याच दोन चाली आहेत, फक्त क्रम फिरवला. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजून येतो.

तरी अजून मोहऱ्याला हात लावायचा नाही. वजीर दिला की परत यायची वाट नसते, म्हणून शेवटपर्यंत मोजायचं आणि मोजायची रीत एकच, प्रत्येक चालीला राजाची मोकळी घरं मोजायची. वजिरानं एच७ मारल्यावर राजाला एफ७ वर पळता येतं का? ई५ चा घोडा ते घर धरून आहे. एच८ वजिराच्या तोंडात आहे. म्हणजे मारायलाच लागतं. मग घोड्यानं एफ६ मारून दुहेरी शह. जी८ घोड्याच्या ताब्यात, जी६ उंटाच्या, उरली एच८ आणि एच६. दोन्ही फाट्या वहीत वेगवेगळ्या लिहा, एक सोपी वाटली म्हणून सोडू नका. राजा एच८ ला गेला तर ई५ चा घोडा जी६ वर आणि मात, कारण एच७ आणि जी८ दोन्ही एफ६ च्या घोड्यानं धरलीत आणि जी६ चा घोडा मारायला एच चं प्यादं आता पटावरच नाही. म्हणून राजाला एच६ लाच जावं लागतं.

इथं पोरं घाबरतात. "काका, वजीर गेला आणि राजा तर बाहेर निघाला!" घाबरणं साहजिक आहे, पण एक नियम धरून ठेवा की इथून पुढं आपली प्रत्येक चाल शहाचीच पाहिजे. एक चाल जरी मोकळी दिली तरी काळा एफ६ चा घोडा मारून टाकेल आणि आपण वजिरानं कमी बसू. ई५ चा घोडा जी४ वर, शह. राजाला जी५ सोडून घर नाही, कारण एच५ आणि एच७ एफ६ च्या घोड्याकडं, जी६ उंटाकडं. आणि लक्षात घ्या दोन्ही घोडे एकमेकांना धरून आहेत, जी४ चा एफ६ ला आणि एफ६ चा जी४ ला, राजा एकालाही मारू शकत नाही. सगळ्या हल्ल्याचा खांब म्हणजे ही घोड्यांची जोडी आहे.

पुढं लास्करनं काय खेळलं ते पटावर हळूहळू करून बघा. एच२ चं प्यादं एच४, शह, राजा एफ४. जी२ चं प्यादं जी३, शह, राजा एफ३. डी३ चा उंट ई२ वर, शह, राजा जी२. एच१ चा हत्ती एच२, शह, राजा जी१. आणि आता पांढरा राजा ई१ वरून डी२ ला नुसता बाजूला होतो, ए१ च्या हत्तीची पहिली रांग उघडते, मात. जी८ वरून निघालेला काळा राजा जी१ पर्यंत, म्हणजे पूर्ण पट ओलांडून पांढऱ्याच्या घरात आला. प्रत्येक पायरीला काळ्याकडं एकच चाल होती हे तुम्ही स्वतः तपासा, माझं ऐकून पुढं जाऊ नका, घर-घर बोट ठेवून तपासा, अर्धा तास लागला तरी चालेल. आणि शेवटची मात मोठ्या बाजूला कॅसलिंग करूनही होते (राजा हत्तीकडं दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडं येऊन बसतो ती चाल, इथं ए१ च्या हत्तीबरोबर), तीही मांडून बघा.

उत्तर मिळालं की वही मिटू नका. परत राजा जी५ वर असताना थांबा आणि विचारा की यापेक्षा जवळची वाट आहे का. आहे. वजीर दिल्यापासून लास्करच्या वाटेनं आठ चालींत मात होते, पण एच४ च्या जागी एफ२ चं प्यादं एफ४ ला ढकलून शह दिला तर जास्तीत जास्त सातच लागतात. राजानं ते प्यादं मारलं की जी३ शह, मग राजा जी५ ला परतला तर एच४ नं मात, एफ३ ला आला तर छोट्या बाजूला कॅसलिंग केलं की झाली मात, हत्ती एफ१ ला आला आणि एफची पट्टी मोकळीच आहे. कॅसलिंग करून मात देता येते हे पोरांना खरंच वाटत नाही, परवा एकानं तीनदा मोहरी मागं घेऊन परत परत करून बघितलं.

इंजिनबद्दल, म्हणजे चाली शोधून देणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल, एवढंच सांगतो, ते शेवटी लावा. इंजिन तुम्हाला क्षणात वजीर दाखवेल, पण जी७ चं प्यादं का अडतंय ते वाक्य तुमच्या वहीत ते लिहिणार नाही. त्यापेक्षा चांगला सराव म्हणजे उत्तर आल्यावर एक मोहरा हलवून परत तेच कोडं तपासायचं. समजा ई५ चा घोडा एफ३ ला आहे, बाकी सगळं तसंच. आता वजीर द्याल का? एफ७ चं घर मोकळं झालं, राजा मारण्याऐवजी तिकडं सटकू शकतो, आणि मारलं तरी दुहेरी शहानंतर एच८ ला जाऊन बसतो, जी६ वर यायला घोडाच जवळ नाही. दिसायला तोच हल्ला, पण वजीर फुकट जातो. अशी दोनचार रूपं केलीत की कुठला मोहरा काय काम करत होता ते पक्कं डोक्यात बसतं. आठवड्याला असं एकच कोडं घ्या, पण असं चिरून घ्या.

एक फाटी मी मुद्दाम मागं ठेवली. एफ४ चा शह आल्यावर राजानं प्यादं न मारता एच४ ला उडी मारली तर? पोरं इथं बराच वेळ अडली होती. जी३ शह, राजा एच३. आता पुढं सुचत नव्हतं कुणाला, कारण सगळे पुढं जाणाऱ्या चाली शोधत होते, आणि चाल मागं जायची आहे, डी३ चा उंट एफ१ वर, शह. राजाला घर नाही, म्हणून बी७ चा उंट, जो सगळा डाव लांबून बघत बसला होता, तो धावत जी२ ला मध्ये येतो. मग जी४ चा घोडा एफ२, मात, आणि जी२ वर काळ्याचा स्वतःचाच उंट उभा आहे.