सिंगापूरची क्रूझ: भाडं नको, शेवटचं बिल ताडून बघा

रॉयल कॅरिबियन कंपनीची क्रूझ घ्यावी की गेंटिंग ड्रीम या जहाजाची? आधी दोन्हींच्या भाड्यात पोर्ट चार्जेस (बंदराचं शुल्क) आणि ग्रॅच्युइटी (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टीप) मिळवा. ग्रॅच्युइटी माणशी, रोजची असते. १८ डॉलर धरले तरी चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर होतात. स्वस्त वाटलेली क्रूझ इथेच महाग पडते.

जेवणात फुकट काय ते नावानिशी विचारा. रॉयल कॅरिबियनवर विंडजॅमर बुफे आणि मुख्य डायनिंग रूम भाड्यात येतं. चॉप्स ग्रिल, इझुमी या बोटीवरच्या खास रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. कोल्ड्रिंक, वाय-फायही वेगळं. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, बोटीवर चढून सांगितलं तर उकडलेल्या भाज्यांवर भागवावं लागेल.

शो बहुधा फुकट, पण जागा ॲपवरून आधीच धरा.