विंडोज न काढता उबुंटू: व्हर्च्युअल मशीनची पहिली उभारणी

संगणकावरील विंडोज जसेच्या तसे ठेवून लिनक्स शिकायचे असेल, तर नवशिक्यासाठी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेला आभासी संगणक, हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. येथे असे मशीन चालवणारे ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स आणि लिनक्सचा एक प्रकार असलेले उबुंटू २४.०४ ही जोडी गृहीत धरली आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात.

आधी यंत्राची कुवत तपासावी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात सीपीयू निवडल्यावर व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘एनेबल्ड’ असे दिसायला हवे. तसे नसल्यास ही सोय बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन सुरू करावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरसाठी ती बहुधा व्हीटी-एक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम या नावाने सापडते. रॅम किमान ८ जीबी असावी. त्यातील ४ जीबी उबुंटूला देता येते, पण निम्म्याहून अधिक देण्याचा मोह टाळावा, कारण विंडोजचीच उपासमार झाली की दोन्ही सिस्टीम रखडतात.

उबुंटूची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची संपूर्ण प्रत, सुमारे ६ जीबीची असून ती अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ दाबून मशीनला नाव द्यावे आणि ही फाइल निवडावी. याच खिडकीत ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’चा पर्याय असतो, तो बंद ठेवावा, त्या मार्गाने वेळ वाचतो खरा, परंतु तयार होणाऱ्या वापरकर्त्याला सुडोचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार मिळाले नाहीत, तर पुढे साधे सॉफ्टवेअर बसवतानाही अडते. प्रोसेसरचे दोन कोअर आणि २५ जीबीची आभासी डिस्क सुरुवातीला पुरते. ही डिस्क म्हणजे विंडोजमधील एक व्हीडीआय फाइल असते. ती गरजेनुसार वाढत जाते, मात्र आतील फाइली पुसल्या म्हणून आपोआप लहान होत नाही.

मशीन सुरू केल्यावर इन्स्टॉलर ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू’ असे विचारतो आणि येथे अनेकांचा हात थबकतो. मशीनच्या आत असताना हा पर्याय निःशंकपणे निवडावा, कारण त्या इन्स्टॉलरला केवळ ती व्हीडीआय फाइलच दिसत असते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला असता हाच पर्याय खरी डिस्क पुसतो, एवढा भेद मात्र पक्का ध्यानात ठेवावा.

इन्स्टॉलेशननंतर उबुंटूत वाय-फायचे चिन्ह न दिसणे हा बिघाड नव्हे. नॅट या व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ नेटवर्क मांडणीत विंडोजचेच इंटरनेट आत पोहोचते आणि उबुंटूला ते तारेने जोडलेले नेटवर्क वाटते. खिडकीच्या आकाराप्रमाणे पडदा जुळावा आणि दोन्हीकडे मजकूर कॉपी करता यावा, यासाठी उबुंटूत जीसीसी, मेक व पर्ल ही पॅकेजेस घालून मशीनच्या खिडकीतील ‘डिव्हायसेस’ मेनूतून गेस्ट ॲडिशन्स ही व्हर्च्युअलबॉक्सची पूरक सॉफ्टवेअर बसवावीत. कॉपी करण्याची सोय त्याच मेनूत ‘शेअर्ड क्लिपबोर्ड’खाली स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. माउस मशीनच्या खिडकीत अडकल्यास उजवीकडची कंट्रोल कळ दाबावी.

हे सारे नीट चालू लागताच एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यावा; त्यामुळे प्रयोग फसला तरी त्या स्थितीला परतता येते. स्नॅपशॉटला बॅकअप मानू नये. मूळ व्हीडीआय फाइल खराब झाली, तर तोही निरुपयोगी ठरतो. मशीन नकोसे झाल्यास ‘रिमूव्ह’ निवडताना सर्व फाइली पुसण्याचा पर्यायही घ्यावा, अन्यथा यादीतून नाव जाते, पण डिस्कवरील जागा अडकूनच राहते.