रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा: मॅगी, रामेन खा, पण नुसतं नको

पुण्यात रूमवर राहून अभ्यास केलेल्या कुणालाही विचारा, रविवारची रात्र म्हणजे काय ते. दुपारी मेसमध्ये फिस्ट असते, तेव्हा दोन वाट्या जास्तीच्या हाणायच्या कारण संध्याकाळी मेस बंद, आणि मग साडेआठ-नऊला पोटात कावळे ओरडायला लागले की हात सरळ मॅगीच्या पाकिटाकडे जातो. मी सदाशिव पेठेत तीन वर्षं कॉट बेसिसवर राहिलो, एमपीएससीचा अभ्यास करत होतो, आणि त्यातलं एक वर्ष तर फक्त रविवारीच नाही, आठवड्यातून चार-पाच रात्री हेच खाल्लं. (मॅगी म्हणजे कंपनी कुठलीही, आपण सगळ्या इन्स्टंट नूडल्सला मॅगीच म्हणतो. हल्ली कोरियन रामेन पण सगळीकडे मिळतं, त्यालाही खालचं सगळं लागू आहे.)

खाऊ नका म्हणून सांगणारे खूप भेटतात. पण ज्याच्याकडे एक इंडक्शन, एक पातेलं आणि खिशात पन्नास रुपये आहेत त्याला रात्री नऊ वाजता खाऊ नका म्हणून काय उपयोग. म्हणून मी कसं खायचं ते सांगतोय.

पहिलं काम, पाकीट उलटं करा आणि मागचा तक्ता वाचा. घटकांमध्ये सगळ्यात वर मैदा, त्याखाली बहुतेक वेळा पामतेल, मग मीठ. साधारण ७० ग्रॅमचं पाकीट असेल तर ३०० च्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन जेमतेम ५-६ ग्रॅम, फायबर नावालाच. म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं आणि दोन तासात परत भूक. इथे एक गोष्ट नीट बघा, आकडे १०० ग्रॅमचे दिलेत की एका पाकिटाचे, कारण घाईत वाचलं की फसायला होतं. मग सोडियमचा आकडा शोधा आणि त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ तुमच्या पोटात जाणार. समजा ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय तर ते झालं २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे एका पाकिटात चाळीस टक्के कोटा संपला, आणि दिवसभरात मेसची भाजी, लोणचं, पापड आधीच झालेलं असतं. कोरियन रामेनचं पाकीट मोठं असतं, १२० ग्रॅमच्या आसपास, त्यात सोडियम बऱ्याचदा दीड हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातं, त्यामुळे ते दोघांत एक करा असंच मी सांगेन.

आता ह्या नूडल्स दोन मिनिटात शिजतात कशा ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. जपानमध्ये मोमोफुकु आंदो नावाच्या माणसाने १९५८ साली हे पहिल्यांदा बाजारात आणलं. युक्ती अशी, की नूडल्स आधी वाफवायच्या आणि मग गरम तेलात तळायच्या, तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि नूडल्सला बारीक बारीक छिद्रं पडतात, मग आपण उकळतं पाणी घातलं की ते त्याच छिद्रांतून परत आत शिरतं. म्हणजे तुमच्या हातातला तो चौकोन आधीच शिजलेला आणि आधीच तळलेला आहे. त्यामुळे वरून बटर, तेल, चीज घालायची अजिबात गरज नाही, तेल त्यात मुरलेलंच आहे. दुकानात कधीकधी न तळलेल्या, हवेवर वाळवलेल्या नूडल्स मिळतात, त्यांना शिजायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात पण फॅट खूपच कमी असतं, दिसल्या तर त्या घ्या. आणि आटा लिहिलंय म्हणून लगेच खूश होऊ नका, त्या पण तळलेल्या असू शकतात, मागे घटक वाचूनच ठरवा.

नूडल्सवर मेण लावलेलं असतं असं व्हॉट्सअपवर फिरतं, त्यात तथ्य नाही. पाण्यावर जो तवंग दिसतो तो तळणीच्या तेलाचा. तो नको असेल तर नूडल्स वेगळ्या पाण्यात दीड मिनिट उकळून ते पाणी ओतून द्या, थोडं तेल आणि नूडल्समधलं थोडं मीठ त्याबरोबर जातं. कोरियन रामेनला मी हे नेहमी करतो, साध्या पाकिटाला कंटाळा करतो.

खरं मीठ मसाल्याच्या पुडीत असतं, त्यामुळे सगळ्यात मोठा फरक कशाने पडत असेल तर अर्धीच पुडी घालण्याने. पहिल्या वेळी फिकं लागेल, लागतंच, जिभेला सवय झालेली असते. त्याला दोन उपाय. एक म्हणजे मसाला सुरवातीला भरपूर पाण्यात न घालता शेवटी गॅस किंवा इंडक्शन बंद केल्यावर, पाणी आटत आलं असताना घाला, तो वरवर नूडल्सला चिकटतो आणि कमी असूनही चव पुरते. दुसरं म्हणजे चव दुसऱ्या गोष्टींनी आणा, ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची, वरून लिंबू, कोथिंबीर, चिमूटभर काळा मसाला. लिंबाने मिठाची उणीव खूप भरून निघते, करून बघा. उरलेली अर्धी पुडी तोंड दुमडून रबर लावून ठेवली की पावसाळ्यात एका रात्रीत तिचा दगड होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत काढा आणि पुढच्या वेळी नवीन पुडी फोडायची नाही, तीच संपवायची.

आणि रस्सा पिऊ नका. नूडल्स, भाज्या, अंडं सगळं खा, खाली जे पाणी उरतं त्यात विरघळलेलं मीठ असतं, ते राहू द्या. वाईट वाटतं मला माहितीये, वाडगा तोंडाला लावायचा मोह होतो, पण ते सोडलंच पाहिजे.

आता माझी नेहमीची पद्धत, एका माणसाची, एक पातेलं, पंचवीस मिनिटं धरा. दोन ग्लास पाणी ठेवा, त्यात एक मूठ मोड आलेली मटकी (भाजीवालीकडे दहा-वीस रुपयाची आयती मिळते, भिजवायला टाकायची भानगड नाही) आणि अर्ध्या गाजराच्या चकत्या. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. मटकीचा दाणा बोटात दाबून बघा, दबला पाहिजे पण पीठ व्हायला नको. मग चिरलेला कोबी नाहीतर सिमला मिरची, जे असेल ते, ठेचलेला लसूण, आणि लगेच नूडल्सचा चौकोन अख्खाच ठेवा, मोडू नका. मिनिटभराने तो खालून सुटायला लागतो, तेव्हा काट्या-चमच्याने मधे ढकलून घरट्यासारखा खळगा करा. अंडं आधी वाटीत फोडून घ्या, टरफलाचा तुकडा पडला तर काढता येतो, आणि ते हळूच त्या खळग्यात सोडा. आता ढवळायचं नाही, अजिबात नाही! इंडक्शन बारीक करा, वर ताटली झाका आणि तीन मिनिटं थांबा. ताटली उचलली की पांढरं पूर्ण घट्ट झालेलं दिसलं पाहिजे आणि पिवळ्यावर पातळ पांढरी साय धरलेली असते. पिवळं पण घट्ट हवं असेल तर अजून दोन मिनिटं. बंद करा, मूठभर पालक किंवा मेथीची पानं टाका, ती नुसत्या वाफेवर मऊ होतात, अर्धा मसाला भुरभुरवा, लिंबू पिळा. नूडल्स जरा जास्त मऊ होतात ह्यात, चालतं.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे पाकिटातलं दुप्पट झालं तिथेच, मटकी वेगळी. अंडं खात नसाल तर सोया चंक्स आणा, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि स्वस्त आहेत, मूठभर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा, दोनदा पिळा नाहीतर तो वास राहतो. पनीर, भाजलेले शेंगदाणे, काहीही. पाकिटावरचा फोटो बघा कधी, त्यात पण गाजर, मटार, अंडं असं सगळं दाखवलेलं असतं, आत मात्र नूडल्स आणि पुडी. फोटोतलं आपण आणायचं.

ज्यांच्याकडे फक्त केटल आहे त्यांनी केटलमध्ये नूडल्स शिजवू नका, ऊतू जातं, तळाला चिकटतं आणि मग आठवडाभर चहाला मसाल्याचा वास. पाणी उकळा, स्टीलच्या डब्यात नूडल्स, किसलेलं गाजर, बारीक चिरलेला कोबी घालून वरून ओता, झाकण लावून सहा-सात मिनिटं. यात कच्चं अंडं फोडू नका, तेवढ्या उष्णतेत ते नीट शिजेलच असं नाही. कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर उकडलेलं अंडं मिळतं, दोन आणा.

मी ज्या वर्षी आठवड्यातून चार-पाच रात्री हे नुसतं खायचो, पाणी, नूडल्स, पूर्ण पुडी, बस, तेव्हा रात्री एकला परत भूक लागायची, तहान तहान व्हायची, पोट साफ व्हायचं नाही आणि सकाळी लायब्ररीत डोकं जड. प्रिलिमच्या महिनाभर आधी आई आली होती, तिने कचऱ्याच्या डब्यातली पाकिटं बघितली. ओरडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "खा बाबा, पण नुसतं नको खाऊस." पुढच्या आठवड्यात एसटीने पार्सल आलं, शेंगदाण्याचा कूट, घरचा काळा मसाला आणि उन्हात वाळवलेली मेथी, तिन्ही वेगळ्या बरण्यांत. आपल्याकडे कुणी कोरडी पोळी नुसती खात नाही, तोंडी लावायला काहीतरी लागतंच, मग मैद्याच्या नूडल्स तरी नुसत्या का खायच्या. तेव्हापासून मी असंच करतो.

किती वेळा? मी आता आठवड्यातून एकदाच. कोरियातल्या १०,७११ लोकांच्या माहितीवर २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा इन्स्टंट नूडल्स खाणाऱ्या बायकांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, बीपी, साखर वगैरे एकत्र बिघडणं, जास्त दिसलं. त्यावरून नूडल्समुळेच झालं असं सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला मला तेवढं पुरेसं आहे. घरात कुणाला बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मसाल्याची पुडी वापरूच नका, आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

पुडीशिवाय कसं करायचं त्याचा माझा सगळ्यात आवडता प्रकार सांगतो. वरणफळं माहितीयेत ना, काही जण चकोल्या म्हणतात, कणकेचे तुकडे वरणात उकळायचे. तेच नूडल्सचं करा. दुपारच्या डब्यातलं वरण किंवा आमटी उरली असेल तर (फ्रीजमध्ये ठेवलेली पाहिजे, एप्रिल-मेमध्ये बाहेरचं वरण संध्याकाळपर्यंत आंबतं, वास घेऊन बघा) त्यात तेवढंच पाणी घालून खळखळून उकळा, आमसूल असेल तर एक टाका, काळा मसाला पाव चमचा, मग नूडल्सचा चौकोन चार तुकडे करून सोडा. नूडल्स वरण शोषून घेतात त्यामुळे ते पातळच ठेवा, दोन-अडीच मिनिटात बंद. मीठ वरणात आहेच, वरून घालू नका. यातला रस्सा मात्र सगळा प्यायचा, त्यात डाळ आहे. कच्चा कांदा चिरून वर टाका, चमचाभर शेंगदाण्याचा कूट, आणि गरम आहे तोवर खा, पाच मिनिटं ठेवलं की त्याचा गोळा होतो.