दुसरी कला शिकायला जाताना बेल्टचे काय करावे? या चुका टाळा

मराठवाड्यात कराटे किंवा तायक्वांदोपासून सुरुवात केलेली अनेक मुले-मुली काही वर्षांनी ज्युदो, वुशू, किक-बॉक्सिंग किंवा ब्राझिलियन जिजुत्सूकडे वळतात, आणि तालमीत घडलेला एखादा मल्लही ज्युदोच्या मॅटवर उतरतो. एकाच वेळी दोन कलांचा अभ्यास करणे शरीरासाठी आणि समज वाढण्यासाठी अतिशय उपयुक्त आहे. मात्र आधीच्या कलेत मिळवलेल्या बेल्टचे नव्या वर्गात स्थान काय, हा प्रश्न बहुतेक जण कोणालाही विचारत नाहीत, आणि मग पहिल्याच महिन्यात गैरसमज, दुखापती किंवा मानापमान सुरू होतात. बेल्ट म्हणजे एका विशिष्ट अभ्यासक्रमात, त्या अभ्यासक्रमाच्या शिक्षकाने दिलेला निर्वाळा आहे आणि त्या अभ्यासक्रमाबाहेर तो लागू होत नाही, एवढे एक तत्त्व नीट समजले तर पुढील चुकांपैकी बऱ्याचशा टळतात.

रंगावरून दर्जा ठरवणे

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली आणि 1883 मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला दान (आज काळ्या बेल्टपासून सुरू होणारी श्रेणी) दिला. ती श्रेणी कोदोकानमधील प्रगती दाखवण्यासाठी होती. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी ही पद्धत पुढे कराटेत आणली आणि 1924 मध्ये कराटेतील पहिले दान दिले. रंगीत बेल्टांची रांग तर त्यानंतर रुजली, आणि प्रत्येक कलेने, कित्येकदा प्रत्येक संघटनेने, ती आपापल्या सोयीने लावली. त्यामुळे एकच रंग निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे सांगतो. तायक्वांदोत लाल बेल्ट काळ्याच्या अगदी अलीकडे येतो, ज्युदोत मात्र तो नवव्या आणि दहाव्या दानचा, म्हणजे सर्वोच्च सन्मानाचा असतो. कराटेत काळ्याआधी साधारणपणे तपकिरी येतो. ब्राझिलियन जिजुत्सूत प्रौढांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा असे मोजकेच रंग आहेत, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार निळ्यावरून जांभळ्यावर जाण्यास किमान दोन वर्षे लागतात. म्हणूनच तेथील निळा बेल्ट असलेला विद्यार्थी पाहून ‘हा तर आपल्यापेक्षा दोन रंग खाली आहे’ असा हिशेब करणारा कराटेचा तपकिरी बेल्टधारक जमिनीवरच्या पहिल्याच झुंजीत अडचणीत येतो.

जुना बेल्ट बांधून नव्या वर्गात जाणे

नव्या वर्गात पांढरा बेल्ट बांधावा. नव्या शिक्षकांनी स्वतःहून ‘तुमचा बेल्ट बांधा’ असे सांगितले, तरच अपवाद करावा. काही शिक्षक पाहुण्या विद्यार्थ्याला त्याचा बेल्ट बांधू देतात, आणि त्यामागे सन्मानाची भावना असते. पण नियमित प्रवेश घेतल्यावर तो बेल्ट कायम ठेवण्याचा आग्रह धरू नये, आणि ‘माझ्या ब्लॅक बेल्टच्या बदल्यात येथे कोणता बेल्ट मिळेल’ हा प्रश्न तर कधीच विचारू नये. अनुभवाची दखल घेऊन परीक्षा लवकर घेणे हा शिक्षकांचा अधिकार आहे, त्याची मागणी विद्यार्थ्याकडून जाऊ नये.

आधीचा अनुभव लपवणे

ही चूक नम्रतेपोटी होते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त धोका हिच्यातच आहे. पांढरा बेल्ट बांधून, काहीही न सांगता वर्गात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक स्वाभाविकपणे दुसऱ्या नवख्यासोबत जोडतात. त्या नवख्याला नीट पडताही येत नसते, आणि समोरच्याच्या अंगात मात्र कित्येक वर्षांची लाथ किंवा मुरलेली टांग असते.

कुस्तीतून येणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण कुस्तीला बेल्टच नाही. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्यासारखे मल्ल दिले, जत्रेच्या फडात आजही गावोगावची पोरे उतरतात, आणि तेथे जोड लावणारे जाणते लोक अंगापिंडावरून, आधीच्या कुस्त्यांवरून आणि वस्तादाच्या शब्दावरून कोण कोणाशी लढेल हे ठरवतात. असा मल्ल जिजुत्सूच्या वर्गात गेल्यावर त्याच्या कमरेला पांढरा बेल्ट असतो आणि त्या रंगावरून त्याच्या ताकदीचा काहीच अंदाज येत नाही. काही जिजुत्सू स्पर्धांच्या नियमांत ज्युदोचा काळा बेल्ट असलेल्यांना पांढऱ्या बेल्टच्या गटात खेळू दिले जात नाही, त्यामागचे कारणही हेच आहे. त्यामुळे प्रवेश घेतानाच कोणती कला, साधारण किती काळ आणि कोणत्या पातळीपर्यंत केली, तसेच जुन्या दुखापती कोणत्या, हे शिक्षकांना सांगावे. सहविद्यार्थ्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकवण्याची गरज नाही, पण झुंजीपूर्वी जोडीदाराला एका वाक्यात कल्पना देणे हे कर्तव्य आहे.

बेल्टशी जोडलेले सुरक्षेचे नियम न पाहणे

बेल्ट केवळ मानाचा असतो असे समजून अनुभवी विद्यार्थी नियम वाचत नाहीत. जिजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कोणता डाव कोणत्या बेल्टपासून चालतो हे ठरलेले आहे. पांढऱ्या बेल्टला मनगट मुरगळण्याचे डाव वर्ज्य आहेत, आणि गुडघा सरळ ताणून लावायचे कुलूप तपकिरी बेल्टपासूनच चालते. असे डाव झटक्यात लागतात आणि वेदना जाणवेपर्यंत सांध्याला इजा झालेली असू शकते, म्हणून ही बंधने आहेत. आधीच्या कलेत ते डाव शिकलेले असले तरी नव्या वर्गात आपल्या तेथील बेल्टचेच बंधन पाळावे.

जुन्या सवयींना कौशल्य समजणे

प्रगती अचानक खुंटल्यासारखी वाटली, तर बहुतेक वेळा अडथळा येथे असतो. कुस्तीत पाठ लागली की सामना संपतो, त्यामुळे मल्ल जीव तोडून पालथा होतो. जिजुत्सूत मात्र पाठीवर पडून, दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याला अडवून लढणे हा खेळाचा मोठा भाग आहे, आणि पालथे होणे म्हणजे मागून गळ्याला फास लावण्याची संधी देणे. पट काढण्याची, म्हणजे पाय धरून पाडण्याची, सवय घेऊन ज्युदोत गेलेल्याला सरावात यश मिळते, पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्युदोत हाताने थेट पाय पकडणे निषिद्ध असल्याने स्पर्धेत त्याच डावासाठी शिक्षा होते. ऑलिंपिक पद्धतीच्या तायक्वांदो स्पर्धेत डोक्यावर ठोसा मारता येत नाही, म्हणून तेथील खेळाडूचे हात खाली राहतात, आणि किक-बॉक्सिंगमध्ये पहिला ठोसा तोंडावर बसतो. अशा वेळी ‘माझा बेल्ट इतका वरचा असूनही हे कसे होते’ याचा विचार करत बसण्याऐवजी, कोणत्या नियमामुळे ही सवय लागली हे शिक्षकांसोबत शोधावे आणि काही आठवडे फक्त तेवढ्याच एका गोष्टीवर मर्यादित झुंज खेळावी. असे केल्याने जुने कौशल्य नष्ट होत नाही, ते कोठे वापरायचे हे कळते.

याच्याच जोडीला येणारी आणखी एक सवय म्हणजे आपल्यापेक्षा नवख्या दिसणाऱ्यांना सुधारणे. शिक्षकांनी सांगितल्याशिवाय ते करू नये.

पालकांनी टाळावयाच्या चुका

कुक्कीवोन या तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयाच्या पद्धतीत पंधरा वर्षांखालील मुलांना दानऐवजी पूम ही श्रेणी मिळते, तर जिजुत्सूत निळा बेल्ट सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही आणि त्याआधी मुलांसाठी राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा अशी वेगळी रांग असते. त्यामुळे पूम मिळवलेल्या मुलीला नव्या वर्गात राखाडी बेल्ट मिळाला म्हणून शिक्षकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तसेच बेल्टच्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण किंवा शासकीय नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षण मिळेल, अशी समजूत गावोगावी आढळते. या दोन्हींसाठी मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांमधील कामगिरी पाहिली जाते. दोन कलांच्या बेल्ट परीक्षांचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी हे तपासून घ्यावे.

जुन्या शिक्षकांना अंधारात ठेवणे

दुसऱ्या वर्गाला जाण्याआधी पहिल्या सरांना स्वतः भेटून सांगावे. छोट्या शहरात ही बातमी दुसऱ्याच कोणाकडून त्यांच्यापर्यंत पोहोचते, आणि मग साध्या गोष्टीला विश्वासघाताचे रूप येते. सर नाराज झाले तर त्यांचा बेल्ट आणि त्यांच्या परीक्षा सोडण्याचा हेतू नाही हे स्पष्ट करावे, आणि कोणत्या दिवशी कोठे सराव असेल ते ठरवून द्यावे. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच महिन्यात आल्या, तर नव्या कलेची परीक्षा पुढे ढकलण्याची विनंती करावी, कारण तेथे पाया अजून कच्चा असतो आणि घाईत मिळालेला बेल्ट पुढच्या झुंजीत जोडीदाराच्या अंगावर येतो.